फॅटी लिव्हर आहे, मग इम्युनिटी वाढवायची की दाबायची?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा ६१ वर्षांचे, दारूचा थेंब नाही, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, फायब्रोस्कॅनला (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) ९.४ आलं. डॉक्टर म्हणाले की शरीराच्या संरक्षक पेशीच लिव्हरमध्ये व्रण पाडतायत. शेजारच्या काकू म्हणाल्या, इम्युनिटीसाठी गुळवेलीचा काढा द्या. आता वाढवायची की कमी करायची?

काढा आधी थांबवा. बाकीचं सावकाश वाचा.

मी डॉक्टर नाही. रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं स्लाइड बनवल्या, एवढीच माझी पात्रता. बायोप्सीत लिव्हरचा तुकडा येतो तो दोऱ्यासारखा, जेमतेम पेराएवढा लांब. मेणात बसवण्याआधी तो अल्कोहोल आणि झायलीनमधून काढतात, त्यात चरबी विरघळून जाते. मायक्रोस्कोपखाली उरतात नुसती पांढरी गोल भोकं. घावनाला जाळी सुटते ना, हुबेहूब तशी. पण नुसती जाळी बघून आमचे सर फारसे हलायचे नाहीत. ते शोधायचे चरबीने फुगून मेलेली एखादी पेशी आणि तिच्याभोवती जमलेलं भक्षक पेशींचं, म्हणजे मेलेलं आणि परकं गिळणाऱ्या संरक्षक पेशींचं, कडं. ओट्यावर राहिलेल्या बांगड्याच्या डोक्याला मुंग्या लागतात, तसं. ते दिसलं की म्हणायचे, "हं, इथे काम सुरू झालंय."

लिव्हरमध्ये कायम वस्तीला असलेल्या भक्षक पेशींना कुप्फर पेशी म्हणतात. (गंमत म्हणजे कुप्फर साहेबांनी १८७६ मध्ये ज्या ताऱ्यासारख्या पेशी पाहिल्या, त्या बहुधा या नव्हत्याच, नाव मात्र यांना चिकटलं. त्या ताऱ्यांकडे येतोच.) लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे पाऊण रक्त आतड्याकडून येतं, सोबत जंतूंचे तुकडे, काय काय घेऊन. कुप्फर पेशी ते मुकाट गिळतात, दर वेळी आरडाओरडा करत नाहीत. लिव्हर पेशी चरबीने गुदमरून मरायला लागल्या की मात्र चित्र पालटतं. जुन्या कुप्फर पेशीही त्यात मरतात आणि त्यांच्या जागी अस्थिमज्जेतून निघालेल्या नव्या पेशी रक्तातून येऊन बसतात. या नव्या मंडळींचा स्वभाव तापट. टी पेशी, म्हणजे आणखी एका प्रकारच्या संरक्षक पेशी, याही येऊन मिळतात. सगळ्या मिळून जे रासायनिक निरोप सोडतात, त्यातला व्रणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे टीजीएफ-बीटा.

तो निरोप पोचतो त्या ताऱ्यांना, म्हणजे स्टेलेट पेशींना. एरवी या पोटात अ जीवनसत्त्वाचे थेंब साठवून निवांत असतात. मुशीच्या लिव्हरचं तेल डोळ्यांना चांगलं म्हणतात, ते लिव्हरमधल्या या साठ्यामुळेच. निरोप आला की त्या थेंब सोडून देतात, लांबट होतात आणि कोलॅजनचे, म्हणजे ज्यांचा व्रण बनतो ते, धागे विणायला लागतात. बंदरावर फाटलेलं जाळं सांधताना पाहिलं असेल. एकदोन गाठी पडल्या तर काही बिघडत नाही. पण त्याच जागी गाठीवर गाठ मारत गेलं तर भोकं बुजतात आणि जाळ्यातून पाणी जाईना होतं. लिव्हरमध्येही रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली बारीक भोकं खरोखर बुजतात. रक्त आणि लिव्हर पेशींमधली देवाणघेवाण अडते, ती इथेच.

म्हणजे बाबांची इम्युनिटी कमी नाही. तिला थांबायला सवड मिळत नाहीये.

मग दाबून टाकू? तेही नाही. २००५ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. इजा चालू असताना भक्षक पेशी काढल्या तर व्रण कमी पडला. इजा थांबवल्यानंतर काढल्या, तर पडलेला व्रण विरघळेना. कारण कोलॅजन कातरणारी द्रव्यंही याच पेशी पुरवतात. पुढे या पेशींना लिव्हरकडे येऊच न देणारं सेनिक्रिव्हिरॉक नावाचं औषध आलं, मोठ्या आशेने. त्याची मोठी चाचणी २०२१ मध्ये परिणाम दिसेना म्हणून बंद करावी लागली.

गुळवेलीचं म्हणाल तर ती इम्युनिटीला चेतवते, असंच सांगून विकतात ना? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ती घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलंय, आणि ती इजा इम्युनिटी स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. पण ९.४ वाल्या माणसावर तो वाद सोडवून बघायचं काही कारण नाही.

करायचं काय, तर मरणाऱ्या पेशी कमी करायच्या. वजन ५ टक्के उतरलं तर चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांवर सूज उतरते, १० च्या पुढे गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा व्रणही मागे हटलेला दिसतो. बाबा ७२ किलोचे असतील तर पाच ते सात किलो, पण वर्षभरात. महिन्यात नाही, उपाशी मारून तर नाहीच. भात निम्मा, मासे कालवणातले, तळलेले नकोत. कोकम सरबताचा साखरेचा पाक बंद. आगळ पाण्यात घालून प्यायला हरकत नाही. शुगर असेल तर ती आटोक्यात हवी. औषधंही आली आहेत, भारतात सॅरोग्लिटाझरला २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण कोणतं द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

आणि एक. फायब्रोस्कॅनच्या आधी किमान तीन तास पोट रिकामं लागतं. मी स्वतः लॅबवाला असून एकदा भरपेट जेवून गेलो, ९ च्या वर आकडा आला आणि रात्रभर झोप नाही. पंधरा दिवसांनी उपाशीपोटी पुन्हा केलं तर ६.८.

बाबा त्या दिवशी काय खाऊन गेले होते, विचारा. प्लेटलेट, एसजीओटी आणि एसजीपीटी हे तीन आकडेही इथे टाका, फिब-४ (वय आणि या आकड्यांवरून व्रणाचा अंदाज देणारा हिशोब) काढून देतो.