देवाला पश्चात्ताप होतो का?

प्रश्न असा आला आहे: बायबलातल्या योनाच्या पुस्तकात योना हा संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा) निनवे शहराच्या नाशाची घोषणा करतो, तिथले लोक पश्चात्ताप करतात आणि त्यावर देवालाही 'पश्चात्ताप' किंवा 'अनुताप' होऊन तो शिक्षा रद्द करतो, असे मराठीत वाचले. चूक निनवेकरांची होती. मग देवाला कसला पश्चात्ताप?

गोंधळ मराठीत झाला आहे. हिब्रूत तिथे दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. निनवेचे लोक करतात ते 'शूव', आणि देवाच्या बाबतीत येते ते 'निहम'.

'शूव' हे अगदी रोजच्या वापरातले क्रियापद. लढाईवरून परतणे, गावी परत येणे, वाटेतून मागे फिरणे, या सगळ्याला हेच. हिब्रू बायबलात ते हजाराहून जास्त वेळा येते आणि बहुतेक ठिकाणी त्यात धर्माचा काही संबंधही नसतो. संदेष्ट्यांनी हेच चालते-फिरते क्रियापद उचलले. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायात देव एकेक संकट मोजून दाखवतो: तुमचे दात स्वच्छ ठेवले (म्हणजे खायलाच काही दिले नाही), पाऊस अडवला, पिकावर तांबेरा आणि टोळ पाठवले, मरी पाठवली, देवाने नष्ट केलेल्या सदोम शहरासारखी उलथापालथ केली. प्रत्येक संकटानंतर तेच पालुपद, एकूण पाच वेळा: 'तरी तुम्ही माझ्याकडे परतला नाहीत.' रडला नाहीत, पस्तावला नाहीत, असे तो म्हणत नाही. तक्रार न परतल्याची आहे.

आता आपला शब्द पाहा. पश्चात् + ताप. (म्हणून दोन त, 'पश्चाताप' हे लेखन चूक.) अनुतापही त्याच घडणीचा. दोन्हींत 'तप्' धातू आहे, मागाहून होणारी जळजळ आहे. शिवाय मराठीत पश्चात्ताप मुळात 'होतो', भूक लागते किंवा राग येतो तसा. मला पश्चात्ताप झाला, त्याला पश्चात्ताप झाला. जे आपोआप होते त्याची आज्ञा कशी देणार? म्हणून ख्रिस्ती मराठीत 'पश्चात्ताप करा' हा प्रयोग रुळवावा लागला. हिब्रूत ही अडचणच नाही. यहेज्केलच्या तेहतिसाव्या अध्यायात देव म्हणतो की दुष्टाच्या मरणाने मला आनंद होत नाही, आणि लागलीच दोनदा हाक मारतो: 'शूवू, शूवू', फिरा, मागे फिरा.

निनवेत लोकांनी गोणपाट नेसले, उपास केला, गुराढोरांनाही गोणपाट पांघरले. पण पुढचे वाक्य असे आहे की देवाने त्यांची कृत्ये पाहिली, ते आपल्या वाईट वाटेवरून फिरले हे पाहिले. मिश्नामध्ये (ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात) उपासाच्या दिवशी लोकांना सांगायचे बोल दिले आहेत, त्यात नेमके यावर बोट ठेवले आहे: 'देवाने त्यांचे गोणपाट आणि उपास पाहिला' असे लिहिलेले नाही.

'निहम'चा स्वभाव वेगळा. दुःख होणे, कळवळा येणे, सांत्वन होणे आणि त्यातून ठरवलेला बेत बदलणे, एवढा पसारा त्या एका मुळात आहे. नहेम्या आणि नहूम ही नावेही त्यातलीच. गंमत म्हणजे निनवेच्या नाशावर अख्खे पुस्तक आहे ते या नहूमचे! माणसांबद्दलही 'निहम' येते, यिर्मया ते तसे वापरतो, आणि देवाबद्दल कधी 'शूव'ही येते. तेव्हा वाटणी काटेकोर समजू नये. पण देवाच्या 'निहम'मध्ये अपराधाची कबुली नसते. तरीही या शब्दाची अडचण मूळ लेखकांनाही जाणवलेली दिसते. पहिल्या शमुवेलच्या पंधराव्या अध्यायात शौलाला राजा केल्याबद्दल देवाला 'निहम' होते. मग संदेष्टा शमुवेल ठणकावतो की तो काही माणूस नाही 'निहम' व्हायला. आणि अध्याय संपताना पुन्हा देवाला 'निहम' झाल्याची नोंद आहे. तिन्ही वाक्ये एकाच अध्यायात ठेवून लेखक मोकळा झाला.

योनाच्या घोषणेतही असाच दुधारी शब्द आहे. 'अजून चाळीस दिवस, आणि निनवे नेहपाखेत.' सदोमच्या नाशाला हेच क्रियापद वापरले आहे, उलथून टाकणे. पण शौल 'पालटून दुसरा माणूस होईल' असे शमुवेल सांगतो, तिथेही हेच. निनवे उलथली नाही, पालटली. होशेयच्या अकराव्या अध्यायात तर एफ्राईमला (म्हणजे इस्राएलच्या लोकांना) शिक्षा करू पाहणारा देव म्हणतो की माझे काळीजच माझ्या आत उलथले आहे. आणि त्याच वाक्यात 'निहम'च्या मुळातून आलेला, कळवळ्याचा शब्दही आहे.

आपल्या कथांत शाप एकदा तोंडून गेला की देणाऱ्यालाही मागे घेता येत नाही. फार तर उःशाप देता येतो. हिब्रू संदेष्ट्यांच्या इशाऱ्याला हा नियम लावला की गल्लत होते. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या चाकापाशी नियम स्पष्ट सांगितला आहे: ज्या राष्ट्राचा नाश मी बोललो ते फिरले, तर मीही बेत बदलेन. आणि उलटही. हा नियम पुढे यिर्मयाच्या जिवावरचे संकट टाळायलाही उपयोगी पडला. यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीच्या आरंभी, म्हणजे इ.स.पू. 609च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाची भाषा केली म्हणून लोक त्याला मारायला उठले. तेव्हा वडीलधाऱ्यांनी दाखला दिला की सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल असे पूर्वी संदेष्टा मीखाही म्हणाला होता. हिज्कीया राजाने त्याला मारले का? राजाने देवाची करुणा भाकली आणि देवाला 'निहम' झाले. मीखाचे बोलणे खरे ठरले नाही, तरी त्याला कोणी खोटा म्हटले नाही. योनाला मात्र हेच सोसत नाही. तू 'निहम' होणारा देव आहेस हे ठाऊक होते म्हणूनच मी आधी निनवेला न जाता पळालो, असे तो देवाला तोंडावर सुनावतो.

ज्यू परंपरेत योनाचे हे पुस्तक योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाच्या) दुपारी वाचतात. कोकणातले बेने इस्राएल ज्यू या सणाला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घेत.

भाषांतराचे म्हणाल तर योनाच्या तिसऱ्या अध्यायातले शेवटचे वाक्य मी असे करीन: 'ते वाईट वाटेवरून फिरले हे देवाने त्यांच्या करणीवरून पाहिले, आणि जे अरिष्ट आणीन म्हणाला होता त्याविषयी त्याचे मन द्रवले, त्याने ते आणले नाही.' यातही एक गोष्ट निसटतेच. 'वाईट' आणि 'अरिष्ट' या दोन्ही जागी हिब्रूत 'रा'आ' हा एकच शब्द आहे. लोकांनी आपली 'रा'आ' सोडली, देवाने आपली. मराठीत दोन्हीकडे चालेल असा शब्द मला सापडलेला नाही.