४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही. ती ६४१ × ६७००४१७ आहे आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. गणितज्ञ फर्माला ती मूळ वाटत होती. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये तिचा ६४१ हा विभाजक शोधला. इथे मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो. म्हणून तपासायच्या फक्त अशा मूळ संख्या: १९३, २५७, ४४९, ५७७, की लगेच ६४१!

६४१ ने भाग जातो हे भागाकाराशिवायही पटतं (मला तर हेच जास्त आवडतं). ६२५ (५ चा चौथा घात) + १६ (२ चा चौथा घात) = ६४१. दोन्ही बाजूंना २ च्या २८व्या घाताने गुणा. मग (६४० म्हणजे ५ × २ चा ७वा घात, म्हणून) ६४० चा चौथा घात अधिक २ चा ३२वा घात ही बेरीज ६४१ च्या पटीत येते. ६४० चा चौथा घात वजा १ हेही ६४१ च्या पटीतच, कारण त्याचा एक अवयव ६४० + १ आहे. पहिल्यातून दुसरं वजा करा, उरते नेमकी ४२९४९६७२९७.