कुत्रं पाण्याले लय भेते, काय करावं?

बकेट दिसली का कुत्रं खाटेखाली घुसते म्हणता, आमचा मोत्या अगदी तसाच होता, लहानपणी पोरांनी पोहायला शिकवतो म्हणून नाल्यात फेकला होता ना. फेकलं का शिकते हे पयले डोक्यातून काढा. अन शेजारचे म्हणतील पिसाळलं म्हणून पाण्याले भेते, तर ते लक्षण माणसात दिसते, कुत्र्यात सहसा नाही.

मी घमेल्यात दोन बोटं कोमट पाणी घेतलं अन खाली बारदाना अंथरला, कारण बऱ्याचदा भेव पाण्याचं नसतेच, पाय घसरायचं असते. भाकरीचा तुकडा आधी काठावर, मग आत. पयला पाय त्यानं आठव्या दिवशी टाकला, तोही टाकून लगेच काढला, पण ओढला नाही मी. जांभया द्यायला लागला, ओठ चाटले, शेपटी पायात दाबली का त्या दिवसापुरतं बस. डोक्यावर मग्गा ओतू नका, तोंड ओल्या फडक्यानं पुसा, कानात पाणी गेलं तर पुन्हा येनार नाही जवळ.

अन शेततळ्यावर अजिबात नेऊ नका, पन्नी गुळगुळीत असते, चांगलं पोहणारं कुत्रंही वर चढू शकत नाही.