संगणक बंद, फोन सुरू

प्रश्न : इंटरनेटवरून बोलण्यासाठी दर वेळी संगणक सुरू करावा लागतो. घरच्या जुन्या टेलिफोनवर हे जमेल का? — एक वाचक, औसा

उत्तर : जमेल. टेलिफोनची वायर 'एटीए' (ॲनालॉग टेलिफोन अडॅप्टर) नावाच्या छोट्या डबीत आणि त्या डबीची केबल राउटरमध्ये जोडली, की आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याचे संगणकाचे काम ती डबीच करते. सेवा देणाऱ्या कंपनीच्या 'एसआयपी' खात्याची, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडून देणाऱ्या खात्याची, माहिती तीत एकदाच भरावी लागते. अनेक फायबर मोडेमना टेलिफोनची खाच मुळातच असते, म्हणून डबीच्या खरेदीपूर्वी मोडेमची मागची बाजू पाहावी. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचे 48 व्होल्ट येत असल्याने पूर्वी वीज गेली तरी फोन वाजत असे. आता आपल्याकडच्या भारनियमनात डबी, मोडेम आणि राउटर इन्व्हर्टरवर घेणे भागच आहे.