रोजे त्याचे, ठरवलं मात्र मॅनेजरने

"एकाला सवलत दिली की बाकीचे म्हणतात पक्षपात. नाही दिली तर धर्मद्वेषाचा शिक्का माझ्यावर. मी करू तरी काय?" वेगवेगळ्या धर्मांची माणसं असलेली टीम सांभाळणारे मॅनेजर हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. या बाई तर अगदी रडकुंडीला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

झालं होतं असं. रमजानचा महिना, टीममधल्या एका अनुभवी डेव्हलपरचे रोजे, आणि क्लायंटसमोरचा डेमो दुपारी चारचा. त्याला त्रास नको म्हणून बाईंनी परस्पर डेमो दुसऱ्याला दिला. त्याच्या उशिराच्या शिफ्टही दोघा सहकाऱ्यांच्या गळ्यात घातल्या, कारण न सांगता. हेतू चांगलाच होता. पण ज्या कामासाठी तो तीन महिने राबला, ते मांडायला दुसराच उभा राहिला. तो अबोल झाला. ते दोघं चहाच्या मशीनपाशी, ऐकू जाईल अशा बेताने, "आता आपणही उपवास धरू या" म्हणायला लागले.

"त्याला विचारलं का नाहीत?"

"धर्माचा विषय. कसं विचारायचं?"

पण धर्माबद्दल विचारायचंच नव्हतं. "चारचा डेमो झेपेल का, की वेळ बदलू?" एवढंच पुरे होतं.

पुढच्या भेटीत त्या एक तक्ता करून आल्या. प्रत्येक नावापुढे रकाना: 'धर्म'. मी तो आधी पुसायला लावला. एकाच धर्माच्या दोघांतला एक रोजे ठेवतो, दुसरा ठेवत नाही. एक जैन सहकारी सूर्यास्तानंतर जेवत नाही, दुसऱ्याला टीमचं रात्रीचं जेवण चालतं. धर्म कळून नियोजनाला काय उपयोग? नवा रकाना केला: 'न जमणाऱ्या वेळा'. कारण लिहिलंच पाहिजे असं नाही, पण भरायचा सगळ्यांनी. नास्तिकानेही आणि तान्ह्या बाळाच्या आईनेही.

हा तक्ता दरवर्षी नव्याने करावा लागतो. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र, वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. ईद चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून त्या सुमाराला रिलीज असेल तर एक दिवस हाताशी ठेवावा. शब्बाथ (ज्यू धर्मातला साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या सहकाऱ्याचा कामाचा आठवडा शुक्रवारी सूर्यास्ताला संपतो, म्हणजे हिवाळ्यात आणखी लवकर.

बाईंना एक गोष्ट मात्र पटत नव्हती. "मी कधी धर्मासाठी सुट्टी मागितली नाही हो."

मागायची वेळच आली नव्हती. त्यांचे सण ऑफिसच्या यादीत आधीच छापलेले होते. रविवारची सुट्टी तरी कुठून आली? 321 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 'सूर्याचा पूज्य दिवस' म्हणून शहरांत त्या दिवशी विश्रांतीचं फर्मान काढलं होतं. माझ्या मते बहुतेक टीममधला तणाव इथूनच सुरू होतो: ज्यांची सोय आधीच झालेली असते, त्यांना ती सोय वाटतच नाही.

सवलतीलाही मर्यादा असतेच. टीमच्या ग्रुपवर रोज प्रवचनं टाकणाऱ्याला बाईंनी थांबवलं, ते योग्यच केलं. श्रद्धा स्वतःच्या वेळेपुरती सांभाळता येते, दुसऱ्याच्या फोनवर नाही.

खरं अवघड होतं त्या दोघांचं. त्यांच्यावर पडलेलं जादा काम कुणी मोजलंच नव्हतं. आता शिफ्टची अदलाबदल तक्त्यात उघड दिसते, आणि घेतलेली शिफ्ट परत करावी लागते. पुढच्या रमजानला त्या डेव्हलपरने स्वतःच डेमो सकाळी दहाला मागितला. क्लायंटने हरकत घेतली नाही.

दोघांपैकी एकाची कुरकूर थांबली. दुसऱ्याची चालूच आहे. त्याचा रकाना अजून कोरा आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात बाई त्याच्याशी बोलणार आहेत.