संक्षोभ म्हणा, वादळ नव्हे

प्रश्न असा: सौरवाऱ्यातल्या, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतातल्या (प्लाझ्मातल्या) टर्ब्युलन्सला, त्या लहानमोठ्या भोवऱ्यांच्या खळबळीला, मराठीत काय म्हणावं? बातम्यांतलं 'सौरवादळ' चालेल का?

अजिबात नाही, आणि हे किती वेळा सांगायचं! वादळ येतं आणि ओसरतं. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेहून आकाश लाल दिसलं, ते वादळ. टर्ब्युलन्स बारमाही, सेकंदाला चारशे किलोमीटरने निवांत वाहणाऱ्या सौरवाऱ्यातही तो असतोच. हिंदीतला 'विक्षोभ' उचलायलाही माझा विरोध आहे. हवामानवाल्यांच्या 'पश्चिमी विक्षोभा'ने तो शब्द डिस्टर्बन्सला बांधून टाकलाय.

शब्द आहे संक्षोभ, विशेषण संक्षुब्ध. 'क्षोभ म्हणजे राग, प्लाझ्माला कसला राग?' असं विचारणाऱ्यांना फक्त लोकक्षोभ आठवतो. क्षुभ् धातू मुळात ढवळून निघण्याचा. पाणिनीने तर अष्टाध्यायीत (७.२.१८) 'क्षुब्ध' हे रूप खास 'मन्थ' या अर्थासाठी राखून ठेवलंय, एरवी 'क्षुभित'. मन्थ म्हणजे काय? पाणिनीच्या व्याकरणाचे विवरणकार भट्टोजी दीक्षित दोन अर्थ देतात: पातळ पदार्थात कालवलेलं सातूचं पीठ आणि घुसळायचा दांडा. पिठाचा अर्थ आधी देणं मला मुळीच पटत नाही. घुसळल्याशिवाय ते पेय होणार कसं? मान दांड्याचा, म्हणजे आपल्या रवीचा! ताकातली ती रवी आणि आकाशातला तो रवि यांचं नातं ध्वनीवरून जोडणं मला मान्य नाही, पण सूर्याच्या संदर्भात हे दोन शब्द शेजारी यावेत याचा आनंद मात्र होतो.

लॅटिन 'तुर्बा' म्हणजे गर्दी, गलका. टर्ब्युलन्स त्यातून आला. गलक्याला क्रम नसतो, घुसळणीला असतो. मोठा भोवरा फुटून लहान, त्यातून आणखी लहान, आणि शेवटी उष्णता. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने १९४१ साली हीच उतरंड गणितात मांडली. तेव्हा इथे आपला शब्द लॅटिनपेक्षा सरस आहे, असं माझं ठाम मत.

सौरवाऱ्यातही हेच घडतं. सूर्याकडून निघालेल्या आल्फवेन लहरी, म्हणजे चुंबकीय रेषांवरून तारेसारख्या धावणाऱ्या लहरी, उलट येणाऱ्या लहरींना भिडतात, मोठे हेलकावे बारीक होत जातात. पृथ्वीजवळ एका घनसेंटिमीटरात जेमतेम पाच-दहा प्रोटॉन. ते एकमेकांवर जवळपास आदळतच नाहीत. त्यामुळे हालचालीची उष्णता करायचं जे काम पाण्यात चिकटपणा करतो, ते इथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांना करावं लागतं. हेलकावे शंभरेक किलोमीटरपर्यंत, म्हणजे प्रोटॉनच्या गिरकीच्या मापाला उतरले की त्यांची ऊर्जा कणांना मिळू लागते. म्हणूनच सूर्यापासून दूर पसरत जाणारा हा वारा नुसत्या प्रसरणाने जितका गार व्हायला हवा, तितका होत नाही. व्हॉयेजर २ या अंतराळयानाला तो पार बाहेरच्या ग्रहांपलीकडेही अपेक्षेपेक्षा उबदार सापडला.