ड्यूरमचं नवीन वाण घेऊ का? वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी बोलता बोलता ड्यूरम म्हणजे रव्यासाठी लावतात त्या बन्सी गव्हाचा विषय निघाला होता आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी जवळपास एकच विचारलंय म्हणून ते प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, नवीन वाणाच्या माहितीपत्रकात उतारा माझ्या सध्याच्या वाणापेक्षा दहा टक्के जास्त लिहिलाय. माझं जुनं वाण काही वाईट नाहीये, सात-आठ वर्षं लावतोय. बदलू का?

आधी मला सांगा तुमच्या शेतात अडचण काय आहे? पीक लोळतं का, पानांवर तांबेरा हा बुरशीचा रोग येतो का, दाणा भरायच्या वेळी ऊन तापतं का, की माल नेल्यावर प्रोटीन कमी निघतं? कारण प्रत्येक नवीन वाण हे कुठल्यातरी एका अडचणीवर काढलेलं असतं आणि ती अडचण तुमची नसेल तर त्या दहा टक्क्यांतलं तुमच्या वाट्याला किती येईल हे कुणीच सांगू शकत नाही. पत्रकातला आकडा कुठल्या जमिनीतला, किती हंगामांचा, कुठल्या वाणाच्या तुलनेत, हे विचारून घ्या. एकाच हंगामाचा आकडा असेल तर मी त्यावर विसंबणार नाही.

इटलीचं उदाहरण बघा. तिथले गहू पैदासकार नाझारेनो स्ट्राम्पेल्ली यांनी ट्युनिशियाच्या स्थानिक गव्हातून निवड करून 1915 मध्ये ‘सेनातोरे काप्पेल्ली’ हे वाण दिलं, दाणा सुंदर, तिथे कित्येक दशकं ते चाललं, पण उंची दीड मीटरच्या आसपास, जरा जास्त खत दिलं की आडवं. मग त्याच काप्पेल्लीच्या दाण्यांवर किरणांचा मारा करून बुटकी झाडं मिळवायचे प्रयत्न झाले आणि अशी एक ओळ, म्हणजे पैदाशीतला निवडलेला वंश, मेक्सिकोतल्या सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेच्या ओळीशी संकर करून 1974 ला ‘क्रेसो’ आलं, बुटकं, खत पचवणारं, न लोळणारं. म्हणजे अडचण लोळण्याची होती आणि उत्तर त्याच अडचणीवर आलं.

पण जुनं वाण चांगलं चाललंय म्हणून डोळे झाकून बसू नका हेही सांगते. मेक्सिकोच्या वायव्य भागात ‘आल्तार 84’ हे ड्यूरम पानावरच्या तांबेऱ्याला सोळा वर्षांहून जास्त दाद देत नव्हतं, आणि 2001 मध्ये तांबेऱ्याची एक नवीन जात आली आणि तो प्रतिकार गेला. वाण तेच होतं, बुरशी बदलली. त्यामुळे सात-आठ वर्षं एकच वाण लावणाऱ्याने दर हंगामात ओंबी निसवायच्या म्हणजे बाहेर पडायच्या आधी पानं उलटून बघायची सवय ठेवावी, नारिंगी ठिपके आधीपेक्षा जास्त दिसायला लागले तर समजा बदलायची वेळ जवळ आलीये. आणि वाण निवडताना नुसतं ‘तांबेरा प्रतिकारक’ वाचून थांबू नका. एकाच मोठ्या जनुकावर उभा असलेला प्रतिकार एका झटक्यात जातो, तीन-चार छोट्या जनुकांचा मिळून असलेला प्रतिकार पानावर थोडे ठिपके दिसू देतो पण टिकतो जास्त. मी तरी दुसऱ्या प्रकारचं वाण घेईन, पान थोडं कमी देखणं दिसलं तरी चालेल.

तर बदला, पण सगळं क्षेत्र एकदम नाही. दहाव्या हिश्श्यावर लावा, शेजारी तुमचं जुनं, खत-पाणी-पेरणीची तारीख सेम, आणि कापणी वेगवेगळी करून वजन करा. दोन हंगाम. घाई वाटत असेल तर दीड हंगामाचा काही मार्ग नाही, दोनच लागतात.

प्रश्न : गेल्या हंगामात माझा ड्यूरम परत पाठवला, म्हणाले प्रोटीन कमी आहे आणि दाण्यात पांढरट पिठूळ डाग आहेत. जास्त प्रोटीनवालं नवीन वाण लावलं तर हे सुटेल का?

थोडं सुटेल, सगळं नाही. यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दाण्याचा पिवळा रंग मुख्यतः ल्युटिन नावाच्या रंगद्रव्यामुळे असतो आणि तो बऱ्याच अंशी वाणातूनच येतो, वाण फिकं असेल तर कितीही खत घाला रवा फिकाच पडणार, तिथे नवीन वाणाचा खरंच फायदा होतो. प्रोटीनचं मात्र तसं नाही. त्यात वाणाचा वाटा असतो पण शेतातलं नत्र आणि हवामान त्याला खूप हलवतं.

हिशोब करून बघा. गव्हाच्या प्रोटीनला 5.7 ने भागलं की त्यातलं नत्र मिळतं. 13 टक्के प्रोटीनचा एक टन दाणा म्हणजे 130 किलो प्रोटीन, म्हणजे जवळपास 23 किलो नत्र, आणि हे फक्त दाण्यातलं, काड आणि मुळांतलं वेगळंच. हेक्टरी पाच टन निघालं तर 115 किलोच्या आसपास नत्र नुसतं दाण्यातून शेताबाहेर जातं. आता तुम्ही वरच्या प्रश्नातल्यासारखं जास्त उताऱ्याचं वाण लावलं आणि खताचा डोस जुनाच ठेवला तर काय होणार, तेवढंच नत्र जास्त दाण्यांत वाटलं जाणार आणि प्रोटीन खाली येणार. नवीन वाण लावल्यावर माल नापास झाला की लोक वाणाला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा वाणाने आपलं काम केलेलं असतं, त्याला पोटभर खायला मिळालेलं नसतं.

ते पांढरट डाग पण बहुतेक वेळा नत्र कमी पडल्याचंच लक्षण असतं. काचेसारखा घट्ट दाणा दळला की रव्याचे कण छान निघतात, पिठूळ भागाचं सरळ पीठ होतं, म्हणून घेणारे त्यावर एवढे अडून बसतात. नत्र दोन-तीन हप्त्यांत द्या, सुरुवातीचं नत्र फुटवे आणि उतारा वाढवतं, पोटरी म्हणजे ओंबी पोटात असताना ते निसवायच्या वेळेला दिलेलं जास्त करून दाण्यातल्या प्रोटीनमध्ये जातं, अर्थात तेव्हा जमिनीत ओल असली पाहिजे, कोरड्यात टाकलेलं खत मुळापर्यंत पोचतच नाही. आणि अजून एक, पिकलेल्या उभ्या पिकावर पाऊस पडला की चांगल्या दाण्याची पण चकाकी जाते, त्यामुळे पीक तयार झालं की कापणी पुढे ढकलू नका, ‘अजून चार दिवस राहू दे’ यात बराच चांगला माल खराब झालेला मी बघितलाय.

प्रश्न : आमची जमीन थोडी खारवट आहे. साधा गहू बरा येतो पण ड्यूरम पिवळा पडतो. ड्यूरम इतका नाजूक का? त्याच्यात खारं सोसणारं वाण आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. साध्या गव्हात 42 गुणसूत्रं असतात, ड्यूरममध्ये 28. साध्या गव्हाला एका रानगवताकडून गुणसूत्रांचा जो तिसरा संच मिळाला तो ड्यूरमकडे नाहीच, आणि त्या संचात मिठातल्या सोडियमला पानापर्यंत जाऊ न देणारं एक जनुक आहे. म्हणून तुमच्या एकाच शेतात साधा गहू तग धरतो आणि ड्यूरमच्या पानांत मीठ साठून ती करपतात.

ऑस्ट्रेलियात यावर फार सुंदर काम झालंय. एकदाणी गहू म्हणून जो फार प्राचीन गहू आहे त्याच्यात हेच काम करणारं जनुक सापडलं, ते मुळातून वर चाललेल्या रसातलं सोडियम मुळातच अडवून ठेवतं. ते साध्या संकराने ड्यूरममध्ये आणलं आणि 2012 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञ राना मन्स आणि सहकाऱ्यांनी निकाल छापले, खाऱ्या शेतात हे जनुक असलेल्या ड्यूरमचं उत्पादन नसलेल्या जोडीदार ओळीपेक्षा 25 टक्के जास्त होतं. तेव्हा बियाणं घेताना सरळ विचारा, यात सोडियम अडवणारं जनुक आहे का. नुसतं ‘क्षार सहनशील’ लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. आणि पाणी साचत असेल तर आधी निचरा करा, ते काम कुठलंही जनुक करणार नाही.

याच्याच जोडीला कॅडमियमचं सांगून ठेवते. हा विषारी धातू ड्यूरम साध्या गव्हापेक्षा जास्त दाण्यात ओढतो. 2019 मध्ये ‘स्वेवो’ या इटालियन वाणाचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा यामागचं जनुक नेमकं कुठलं तेही हाती लागलं. पण कमी कॅडमियमची वाणं त्याच्याही आधीपासून आहेत, कॅनडाचं ‘स्ट्राँगफील्ड’ त्यातलंच. माल बाहेरदेशी जाणार असेल तर वाण निवडताना हे बघाच, तिथे कॅडमियमच्या मर्यादा असतात.

प्रश्न : पेरणी उशिरा होते, दाणा भरताना ऊन फार असतं. ड्यूरम सोडून देऊ का?

नका सोडू. कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या इकार्डा या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचे फिलिप्पो बासी आणि स्वीडनच्या कृषी विद्यापीठातले रोदोमिरो ऑर्तिझ यांच्या टीमने पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीच्या खोऱ्यासाठी असं ड्यूरम तयार केलं जे 35 ते 40 डिग्रीत येतं आणि 92 दिवसांत निघतं, त्याला 2017 चं अन्नसुरक्षेसाठीचं ओलाम पारितोषिक मिळालं. म्हणजे उन्हातलं ड्यूरम शक्य आहे, फक्त तुमच्याकडे मिळणाऱ्या वाणांमधलं लवकर निसवणारं शोधा, उशिरा पेरणीला लांब मुदतीचं वाण म्हणजे सुरकुतलेला दाणा.

प्रश्न : नवीन वाणाला बियाणं किती टाकायचं? जुन्याइतकंच?

नाही! ड्यूरमच्या दाण्याचं वजन वाणावाणात बरंच वेगळं असतं म्हणून किलोवर नाही, रोपांवर जा. चौरस मीटरला हवी असलेली रोपं गुणिले हजार दाण्यांचं वजन ग्रॅममध्ये, भागिले किती टक्के दाणे शेतात उगवून टिकतील तो आकडा, उत्तर हेक्टरी किलो. 250 रोपं हवीत, हजार दाणे 50 ग्रॅम, उगवण 85 टक्के धरली तर 147 किलो. हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम असेल तर तेच 118 किलो. आता दोघांना सारखं बियाणं टाकलं तर एक पीक दाट आणि दुसरं विरळ होईल आणि मग तुलनाच चुकली ना.

प्रश्न : घरचं बियाणं पुढच्या वर्षी वापरलं तर चालतं का?

चालतं, गहू स्वतःच्याच परागावर दाणे धरतो त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही, फक्त ते वाण नोंदणीकृत असेल तर बियाणं इतरांना विकायच्या अटी आधी वाचा. बिघडतं ते भेसळीने. आधी साधा गहू काढलेल्या मळणीयंत्रातून ड्यूरम काढला की पहिल्या पोत्यांत तो मिसळतोच, म्हणून यंत्र झाडून घ्या आणि सुरुवातीची दोन पोती बियाण्याला ठेवूच नका. ओंब्या निसवल्या की बियाण्याच्या पट्ट्यात एक चक्कर मारा, उंचीला किंवा कुसळाला वेगळी दिसणारी झाडं मुळासकट उपटा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा, नव्वदच्या खाली उगवले तर वरच्या हिशोबातला शेतात टिकणाऱ्या दाण्यांचा आकडा त्या प्रमाणात कमी धरून बियाणं वाढवा.